साडेतीन शहाणे आणि आमचा दुअंमली वऱ्हाड

गेल्या हिवाळ्यात वाशीममधल्या एका व्याख्यानाला मला अध्यक्ष म्हणून बसवलं होतं. अध्यक्षाचं काम सोपं असतं. शाल घ्यायची, नारळ घ्यायचा आणि वक्ता वेळ संपल्यावरही बोलत राहिला तर घड्याळाकडे न बघता बसून राहायचं. वक्ते बाहेरून आलेले, चांगल्या तयारीचे होते. विषय होता मराठेशाहीतले साडेतीन शहाणे. पुण्याचे सखारामबापू बोकील, नागपूरचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाकडचा विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे. कारभारात पक्के, पण तलवारीच्या वाटेला न जाणारे म्हणून नाना फडणीस अर्धे. दीड तास सभागृह रंगलं. कोणी कोणाचा वकील फोडला, कोणी कोणाला ऐन वेळी कसं गाठलं, कोणतं पत्र मुद्दाम कोणाच्या हाती पडू दिलं. टाळ्या पडत होत्या. मीही वाजवल्या.

मग प्रश्नोत्तरं सुरू झाली. मागच्या रांगेतून एक मुलगा उठला. रिसोड तालुक्यातला, इथे भाड्याची खोली घेऊन स्पर्धा परीक्षांची तयारी करणारा. म्हणाला, “सर, थे सगळं ठीक हाये. पण थ्या टायमाले आपल्या वाशीमात काय चालू होतं?” वक्त्यांनी वाकाटकांची वत्सगुल्म शाखा सांगितली, हरिषेण सांगितला, त्याच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने अजिंठ्याचं सोळा नंबरचं लेणं कोरवून घेतलं तेही सांगितलं. मुलगा म्हणाला, “थे तं हजार-तेराशे वर्षं आधीचं झालं,” आणि खाली बसला. लोक हसले. आभारप्रदर्शन झालं, चहा झाला.

मला मात्र घरी आल्यावर झोप लागेना, कारण त्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं आणि अध्यक्ष असूनही मी ते दिलं नव्हतं. खरं सांगायचं तर याहून वाईट गोष्ट आहे. देवाजीपंतांवर मी स्वतः किमान दहा-बारा ठिकाणी बोललो आहे. नरखेडचा हा माणूस, आपल्या विदर्भातला, पुण्याच्या तोडीस तोड डोक्याचा, अशी माझी मांडणी असायची. मराठ्यांचा इतिहास म्हणजे शनिवारवाड्याचं अंगण नव्हे हे सांगायला देवाजीपंत फार सोयीचे पडतात. इकडच्या श्रोत्यांना ते आवडतं. मलाही आवडायचं. म्हणून आज जे लिहितो आहे ते आधी माझ्याच जुन्या भाषणांविरुद्ध आहे.

आता हा शहाणपणा नेमका कसला होता ते पाहू. 1763 साल. पेशवाईच्या गादीवर कोवळा माधवराव, काका राघोबादादा कारभार ओढून घेऊ पाहणारा. निजामअली आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर यांनी डाव मांडला आणि नागपूरकर जानोजी भोसल्यांना आपल्या बाजूला ओढलं. या जुळवणीत देवाजीपंत होते. निजामाच्या फौजा पुण्यावर गेल्या, शहर लुटलं, जाळलं. उलट पेशव्यांच्या फौजा निजामाच्या आणि भोसल्यांच्या मुलखात शिरल्या आणि वऱ्हाडात मलकापूरपर्यंत खंडणी घेत फिरल्या. मग पेशव्यांकडून बत्तीस लाखांच्या मुलखाचा शब्द मिळाला आणि भोसले निजामाला सोडून बाजूला झाले. 10 ऑगस्ट 1763 रोजी गोदावरीकाठी राक्षसभुवनला निजामाची फौज कापली गेली, विठ्ठल सुंदर मारला गेला. तीन शहाण्यांपैकी एक संपला आणि दुसऱ्याच्या धन्याला बत्तीस लाखांचा मुलूख मिळाला.

व्याख्यानं इथे टाळ्या घेऊन थांबतात. मीही थांबायचो. पुढचं फारसं कोणी सांगत नाही. तीन वर्षं पुरी व्हायच्या आत पेशवा आणि निजाम एक होऊन वऱ्हाडात उतरले आणि बत्तीसपैकी चोवीस लाखांचा मुलूख जानोजींकडून काढून घेतला. त्यातला मोठा वाटा निजामाकडे गेला. म्हणजे ज्याला फसवून मुलूख मिळवला त्यालाच तो परत. 1769 मध्ये माधवराव पुन्हा आला, तो वाशीम-कारंजाच्या वाटेने. नागपूर लुटलं गेलं. देवाजीपंत पेशव्यांच्या छावणीत अडकून पडले होते, आणि तिथूनही त्यांनी धन्याला गनिमी काव्याने लढायचा निरोप पोचवला असं सांगतात. सांगतात ते खरंही असेल, माणूस त्या ताकदीचा होताच. शेवटी कनकापूरचा तह झाला. उरलेला आठ लाखांचा मुलूख गेला. वर भोसल्यांनी दरसाल पाच लाख एक रुपया पेशव्यांना द्यायचा ठरला.

म्हणजे सहा वर्षांच्या शहाणपणाची बेरीज-वजाबाकी केली तर हाती शून्यही राहत नाही, पाच लाख एक रुपया उलट देणं निघतं.

पण मला त्या तहातलं दुसरंच कलम डाचतं. भोसल्यांनी वाशीम आणि बाळापूरला विणलेलं पाच हजार रुपयांचं कापड दरवर्षी पेशव्यांकडे पाठवावं असं त्यात होतं. त्या मुलाला हवं असलेलं उत्तर हे होतं. त्या टायमाले आपल्या वाशीमात माग चालू होते. इतकं चांगलं कापड निघत होतं की पुण्याच्या दरबाराला त्याचा मोह पडला आणि ते तहात लिहून घ्यावंसं वाटलं. विणणारा कोण होता, त्याला दाम कोण देणार होतं, पेशव्यांची फौज या वाटेने गेली तेव्हा त्याचा माग शाबूत राहिला का, यातलं काही तहात येत नाही. यायचं कारणही नाही. दोन दरबारांच्या मधल्या त्या कागदावर वाशीम आलं ते गठ्ठ्यात बांधून.

आता थोडं मागे जाऊन पाहा. साडेतीन शहाण्यांपैकी तीन पूर्ण शहाणे तीन वेगळ्या दरबारांचे: पुणे, नागपूर, हैदराबाद. या तिन्ही दरबारांचे हक्क, दावे आणि फौजा ज्या एका मुलखावर येऊन आदळत होत्या तो म्हणजे वऱ्हाड. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला 1724 मध्ये निजाम-उल-मुल्काने मुबारिजखानाला मारलं तेव्हापासून सुभा नावाला निजामाचा. पण चौथाई आणि सरदेशमुखी मराठ्यांची, म्हणजे शंभरातले पस्तीस कागदोपत्रीच गेले; त्यावर घासदाणा वेगळा, घोड्यांच्या चाऱ्याच्या नावाने घेतलेला. एकाच परगण्यात दोघांचे अंमलदार. याला दुअंमल म्हणत. शब्द ऐकायला भारदस्त आहे. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की खळ्यावर दोन माणसं येतात, आणि गाव लुटलं जातं तेव्हा दोघांपैकी एकही येत नाही. दोन धनी असले की वसुली दोघांची असते. राखण कोणाची हे मात्र कधीच ठरत नाही.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. तीन वर्षांपूर्वी आमचं सोयाबीन शेंगा धरायच्या वेळी पाण्याखाली गेलं. चार एकर. विमा भरलेला होता. कंपनीचा माणूस म्हणाला, पंचनामा कार्यालयाकडून आणा. कार्यालयातले साहेब म्हणाले, पोर्टल कंपनीचं आहे, आमच्या हातात काही नाही. माझा धाकटा भाऊ दोन महिने या दोन दारांमध्ये मोटरसायकलीचं पेट्रोल जाळत होता. हप्ता मात्र दोघांच्या संगनमताने वेळेवर कापला गेला होता. तेव्हा दुअंमल हा शब्द मला पहिल्यांदा खरा कळला, आणि तोवर मी इतिहास शिकवायला लागून सव्वीस वर्षं झाली होती.

व्याख्यान झालं त्या रात्री एका मित्राशी वाद झाला. बँकेतून निवृत्त झालेला, वाचणारा माणूस. तो म्हणाला, तू आजची फूटपट्टी अडीचशे वर्षांमागे लावतो आहेस. मुत्सद्द्याचं काम गादी राखणं. त्याने धन्याचं मीठ खाल्लं, धन्याचं काम केलं, राजनिष्ठा म्हणजे तरी दुसरं काय? रयतेचा हिशेब ही आपल्या काळातली गोष्ट आहे.

हा आक्षेप नेहमीचा आहे आणि तो साफ चुकीचा आहे. फूटपट्टी आजची नाही, ती मराठी राज्याच्याच दप्तरातली आहे. 1670 च्या दशकात चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं: दाणा-वैरण विकत आणा, रयतेला काडीचा त्रास होता कामा नये. आणि ज्याला खऱ्या अर्थाने राजनिष्ठ मुत्सद्दी म्हणावं त्या रामचंद्रपंत अमात्यांनी 1715 च्या सुमारास आज्ञापत्र लिहिलं. या माणसाला राजनिष्ठा शिकवायची कोणाची प्राज्ञा नव्हती. संभाजी महाराज मारले गेले, राजाराम महाराज जिंजीला गेले, तेव्हा मागे राज्य याने सांभाळलं. राजा शेकडो कोसांवर आणि औरंगजेब दारात. अशा माणसाने म्हातारपणी राज्यकारभारावर लिहिताना गडकोट, आरमार, सावकार यांबरोबर रयतेच्या आंब्या-फणसाच्या झाडांचाही विचार केला. आरमाराला लाकूड हवं असलं तरी ही झाडं जबरदस्तीने तोडू नयेत, कारण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. फारच जुनं झाड असेल तर धन्याला राजी करून, दाम देऊन घ्यावं. राक्षसभुवनच्या आधी जवळजवळ पन्नास वर्षं हे लिहून झालं होतं. तेव्हा 1763 च्या शहाण्यांना ही रीत ठाऊक नव्हती म्हणून सोडून द्यायची सोय नाही. ठाऊक होती, परवडत नव्हती.

अमात्यही देव नव्हते. वतनदारांपासून राज्याला असलेला धोका त्यांनी आज्ञापत्रात इतक्या नेमकेपणाने सांगितला, आणि त्यांच्याच घराण्याची बावड्याची जहागीर पुढे पिढ्यान्पिढ्या चालली. पण निदान लिहिताना तरी त्यांच्यासमोर झाडाचा धनी होता.

मित्राने मग युरोप काढला. तिकडच्या मोठ्या मुत्सद्द्यांना कोणी असले प्रश्न विचारतं का, म्हणाला. योगायोगाने मी तेव्हा फ्रान्समधल्या राज्यक्रांतीनंतरच्या राजेशाहीवर वाचत होतो, म्हणून त्याला झाँ-बातिस्त द व्हिलेल याची गोष्ट सांगितली. ती इथेही सांगतो, कारण देवाजीपंतांच्या शेजारी बसवायला इतका चांगला माणूस दुसरा नाही.

व्हिलेल 1773 मध्ये तुलूझला जन्मला. तरुणपणी आरमारात होता, क्रांतीच्या काळात हिंदी महासागरातल्या, आज रेयुनियाँ म्हणतात त्या बेटावर गेला, तिथल्या मळेवाल्यांच्या घरात लग्न केलं, गुलामांच्या कष्टावर चालणारा मळा राखला. परत आला, तुलूझचा महापौर झाला, आणि कट्टर राजनिष्ठांचा पुढारी म्हणून 1821 पासून 1828 च्या सुरुवातीपर्यंत देशाचा कारभार पाहिला. आधी अठरावा लुई, मग दहावा शार्ल. बडबड्या नव्हता, पैसेखाऊ नव्हता. हिशेबाचा माणूस. सरकारी जमाखर्चाला त्याने जी शिस्त लावली तिचं कौतुक त्याचे विरोधकही करत. म्हणजे शहाणा, आणि तोही पूर्ण.

या शहाण्याने 1825 मध्ये दोन कामं केली. क्रांतीत ज्या सरदारांच्या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या होत्या त्यांना भरपाई द्यायचा कायदा केला. लोक त्याला अब्ज फ्रँकांचा कायदा म्हणत. पैसा सरकारी रोख्यांतून, म्हणजे अखेर सगळ्यांच्या खिशातून. त्याच वर्षी 17 एप्रिलला राजाचा हुकूम निघाला: गुलामांनी बंड करून स्वतंत्र केलेल्या हैतीला फ्रान्स मान्यता देईल, पण जुन्या मळेवाल्यांचं नुकसान म्हणून हैतीने 15 कोटी फ्रँक द्यावेत. हुकूम पोचवायला लढाऊ जहाजं गेली. जे कालपर्यंत गुलाम होते त्यांनी आपल्याच सुटकेची किंमत जुन्या मालकांना मोजायची. पुढे रक्कम 9 कोटींवर आली, पण त्यासाठी काढलेल्या कर्जांची शेपटं 1947 पर्यंत चालली. राजाच्या बाजूने पाहा, व्हिलेलचा हिशेब चोख होता. सरदार खूश, मळेवाले खूश, तिजोरी ताळ्यावर.

आणि मित्राच्या प्रश्नाचं उत्तर असं की हो, विचारतात. 2025 मध्ये, त्या हुकुमाला बरोबर दोनशे वर्षं झाली त्या दिवशी, फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांना दोन्ही देशांच्या इतिहासकारांची समिती जाहीर करावी लागली. समिती काय करेल ते करो. पण प्रश्न मांडला गेला तो हिशेबाच्या दुसऱ्या बाजूने, ज्याने पैसे भरले त्याच्या बाजूने. आमच्याकडे आम्ही अजून कोणी कोणाचा वकील फोडला यावर टाळ्या घेतो आहोत.

मित्र म्हणाला, फ्रान्सची गोष्ट वेगळी. तो नेहमी असंच म्हणतो.

शहाण्यांच्या वारसदारांनी पुढे काय दिवे लावले ते थोडक्यात. जानोजी 1772 मध्ये वारले, भाऊ वारशासाठी भांडले, 1775 च्या जानेवारीत पाचगावला मुधोजींशी लढताना साबाजी मारले गेले. 29 नोव्हेंबर 1803 ला आपल्या आडगावला इंग्रजांनी भोसल्यांना झोडपलं आणि डिसेंबरात देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला. दुअंमल संपला. गावकऱ्यांना वाटलं असेल, चला, आता एकच धनी. 1809 मध्ये पेंढाऱ्यांनी वाशीम लुटलं. मग हैदराबादला राजा चंदुलाल, तोही मोठा राजनिष्ठ आणि मोठा दानशूर म्हणून नावाजलेला. त्याच्या अमलात वऱ्हाडचा वसूल सावकारांकडे मक्त्याने आणि गहाण जात राहिला. 1853 मध्ये निजामाच्या नावावर चढलेल्या फौजखर्चाच्या कर्जापोटी अख्खा वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, आणि पन्नास वर्षांनी सालाना 25 लाखांच्या कायम भाडेपट्ट्यावर. माणसं, विहिरी, देवळं, सगळ्यांसकट आमचा मुलूख भाड्याने दिला होता. तरी शेवटच्या निजामाच्या मुलाला 1936 मध्ये ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. किताब अजून कुठेतरी पेटीत असेल.

याच काळातला एक माणूस साडेतीनांच्या यादीत नाही, पण वाशीमात त्याचं नाव घेतल्याशिवाय दिवस जात नाही. भवानी काळू. साबाजी भोसल्यांच्या पदरचा सरदार आणि कारभारी. म्हणजे हरलेल्या बाजूचा. आमचं बालाजीचं मंदिर त्याने बांधलं आणि देवतळंही त्याचंच. औरंगजेबाच्या काळात लपवलेल्या मूर्ती पुढे जमिनीतून सापडल्या अशी कथा आहे; ती इथल्या प्रत्येक आजीला येते. मी भवानी काळूला संत करणार नाही. मंदिराचे दगड आले ते याच मुलखाच्या वसुलीतून, आणि ती वसुली कशी होई ते वर सांगितलं आहे. पण पैसा इथला होता आणि इथेच जमिनीत गेला. तळ्यात पाणी साठलं. देवाजीपंतांनी मिळवलेले बत्तीस लाख आज वऱ्हाडात कुठे दाखवता येतील? माझ्या पुढच्या व्याख्यानात, कोणी बोलावलंच तर, मी या दोघांना शेजारी उभं करणार आहे आणि शहाणा कोण हे श्रोत्यांना विचारणार आहे. आयोजकांना हे आवडेल असं वाटत नाही.

यावर काही जण म्हणतील की मी नागपूरकरांचा अपमान करतो आहे, पुण्याच्या हाती कोलीत देतो आहे. तर पुण्याच्या दोघांबद्दलही बोलू. सखारामबापूंनी आज राघोबा, उद्या बारभाई अशा उड्या मारल्या आणि कैदेत मेले. नानांनी त्यांना कैद केलं. नाना स्वतः 1800 मध्ये गेले आणि दोन-तीन वर्षांत पेशवा वसईला इंग्रजांच्या दारात उभा होता. यात अब्रू कोणाची वाचते ते मला सांगा. प्रश्न पुणे की नागपूर हा नाहीच. वाशीमकडून पाहिलं की दोन्हीकडून येणारी धूळ सारखीच दिसते.

वाशीम जिल्हा म्हणून आम्ही 1 जुलै 1998 ला पुन्हा नकाशावर आलो. इंग्रजांच्या काळी होता तो 1905 मध्ये अकोल्यात विरघळला होता. वीस वर्षांनी नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आमचं नाव लागलं. आकांक्षित म्हणजे मागास. शब्द तेवढा शहाणा निवडला आहे. हे सगळं देवाजीपंतांमुळे झालं असं म्हणण्याइतका मी वेडा नाही. पण जिथला इतिहास शिकवताना तिथलं गावच वगळलं जातं, तिथल्या पोरांना सभागृहात हात वर करून आपलं गाव शोधावं लागतं आणि लोक हसतात, हे माझ्यासमोर घडलं आणि मी शाल पांघरून बसलो होतो.

त्या मुलाचा नंबर मी आयोजकांकडून मिळवला आणि त्याला कापडाच्या कलमाचं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मंग आपल्या गावचे कागद कुठी असतीन, सर? मोडीतले?” मागच्या आठवड्यात आम्ही दोघं एका अभिलेख कक्षात जाऊन आलो. तिथल्या बाईंनी अर्ज घेतला, जुनी रुमालं वरच्या मजल्यावर आहेत, किल्ली असणारा माणूस रजेवर आहे, बुधवारी या म्हणाल्या. मोडी वाचणारा माझा एक जुना सोबती कारंजाला असतो, त्याला फोन केला आहे. तो सकाळच्या एसटीने येतो.